मोठ्या अक्षरांतला किलो

अ‍ॅबरनेथी मास्तरांचं डोकं फिरलं ते द्राक्षांपाशी.

सप्टेंबर संपत आला होता. मर्नाबाईंनी नवऱ्याला किलोभर द्राक्षं आणायला ‘प्रेअरी पॅन्ट्री’त पाठवलं होतं, आणि द्राक्षांवरच्या पाटीवर तळहाताएवढ्या आकड्यांत लिहिलं होतं: दोन डॉलर अठ्ठ्याण्णव सेंट, पौंडाला. किलोचा भाव नव्हता असं नाही. होता, खालच्या उजव्या कोपऱ्यात, औषधाच्या बाटलीवर दुष्परिणाम छापतात तेवढ्या अक्षरांत. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ते पाटीपाशी इतके वाकले की मागच्या बाईंना वाटलं, गृहस्थ द्राक्षं न धुताच तोंडात टाकणार.

आता ही पाटी काही त्या दिवशी लागलेली नव्हती. ब्रॅंडन गावात गेली तीस-पस्तीस वर्षं अशाच पाट्या लागताहेत, आणि मास्तर त्यांच्याखालून द्राक्षं, सफरचंदं, कांदे उचलून मुकाट घरी येत आले आहेत. पण एखाद्या दिवशी माणसाचं बिनसतं. त्यातून त्या दिवसांत मास्तरांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्यांची एकुलती एक लेक कर्स्टन तिकडे हॅलिफॅक्सला दिवस मोजत होती. वय एकोणचाळीस, पहिलंच बाळंतपण. मास्तर दिवसातून चार वेळा फोन करून तब्येत विचारायला लागले, तेव्हा मर्नाबाईंनी ‘दिवसाला एकच फोन, तोही जेवणानंतर’ असा नियम घालून दिला. उरलेल्या तीन फोनांचा जोर कुठंतरी निघणारच होता. तो पाटीवर निघाला.

शिवाय किलोशी मास्तरांचं जुनं नातं. पंचविशीत असताना शाळाखात्यानं त्यांना ‘मेट्रिक समन्वयक’ नेमलं होतं. हाताशी एक सरकारी स्टेशन वॅगन, मागच्या बाजूला दोनशे मीटरपट्ट्या, प्लास्टिकची लिटरची मापं आणि एक किलोचं पितळी वजन. हे सगळं घेऊन मास्तर गावोगाव हिंडले. शेतकऱ्यांनी फाटकातून परत पाठवलं, एका मुख्याध्यापकानं मीटरपट्टीचा उपयोग खिडकी उघडी ठेवायला केला, पण मास्तर डगमगले नाहीत. दहा वर्षांत पौंड संग्रहालयात जाणार याची त्यांना खात्री होती. मग सरकारं बदलली, उत्साह ओसरला, समन्वयकाचं पद गेलं, स्टेशन वॅगनही परत मागवली, आणि देश जिना चढता चढता मधल्या पायरीवर जो बसला तो अजून तिथंच बसला आहे.

आम्हां ब्रॅंडनकरांना त्याचं काही वाटत नाही. आम्ही बाहेरची थंडी सेल्सियसमध्ये सोसतो आणि टर्की फॅरनहाइटमध्ये भाजतो. गाडी किलोमीटरनं हाकतो आणि उंची फुटांत सांगतो. दूध लिटरनं, मटण पौंडानं, आणि पातळ कापलेलं हॅम शंभर ग्रॅमनं. यात काही विचित्र आहे असं कोणी म्हणालं, तर आम्ही सौजन्यानं मान डोलावतो आणि हवापाण्याचं बोलू लागतो. मास्तर मात्र मान डोलावणाऱ्यांतले नव्हते. पुढं सातवीचे वर्ग घेताना साडेतीन हजार पोरं त्यांच्या हाताखालून गेली, आणि त्यातली निम्मी तरी त्या दुकानात द्राक्षं घेत असणार. ती पाटी म्हणजे मास्तरांना स्वतःचं प्रगतिपुस्तक वाटलं. सबंध जन्माच्या शिकवण्याला कोणीतरी शून्य मार्क दिले होते आणि ते दोन डॉलर अठ्ठ्याण्णवच्या खाली छापले होते.

द्राक्षं न घेताच ते घरी आले.

“द्राक्षं कुठायत?” मर्नाबाईंनी विचारलं.

“प्रश्न द्राक्षांचा नाही, मर्ना.”

“माझा द्राक्षांचाच आहे.”

कुंपणापलीकडे बेव्ह कोवालचुक पानं गोळा करत होत्या. बेव्हबाई म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा, तीनशे माणसांचं जेवण डोळे मिटून रांधणाऱ्या. सगळी कहाणी ऐकून त्या म्हणाल्या, “अरे लॉर्न, चष्म्याचा नंबर वाढला असेल तुझा. माझ्या जावेचं असंच झालं. तिला तर टर्कीची तारीख दिसेना.” पलीकडचा ऑर्व्हिल, रेल्वेतून निवृत्त झालेला आणि तेव्हापासून जगाला सल्ले देण्यास मोकळा, शिडीवरूनच ओरडला, “कोर्टात खेच त्यांना!” मग शिडी उतरून जवळ आला आणि हळूच म्हणाला, “खरं सांगू का? मलासुद्धा किलो कळत नाही. पण तू खेच.”

कोर्टाच्या आधी मास्तरांनी वजनमापांच्या सरकारी कचेरीत फोन लावला. चाळीस मिनिटं फोनवर थांबवून ठेवणारं संगीत ऐकल्यावर एक अतिशय गोड आवाजाची बाई आली. दोन्ही भाव लिहिले असले की कायद्याचं समाधान होतं, असं तिनं सांगितलं. कोणतं अक्षर मोठं, हा दुकानाचा प्रश्न. बारीक अक्षर वाचता येत नसेल तर तक्रारीचा फॉर्म आहे. फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: ‘अक्षरांची उंची, इंचांत’. मास्तरांनी तो रकाना दोनदा वाचला. मग त्यांनी ठसठशीत अक्षरांत ‘सहा मिलिमीटर’ लिहिलं. आठवड्यानं फॉर्म परत आला. वर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं: रकाना चुकीचा भरला आहे, तसदीबद्दल क्षमस्व.

तेव्हा मास्तर कोट घालून थेट दुकानाच्या मॅनेजरकडे गेले.

मॅनेजर डार्सी थिबोडो चाळिशी उलटलेला, गोलमटोल, भिडस्त माणूस. मांसाच्या कपाटांमागं त्याची एवढीशी खोली होती. मास्तरांना दारात बघताच तो उभा राहिला, आणि हात आपोआप खिशातून बाहेर आले.

“सर! या ना, बसा.”

“डार्सी, तू सातवीत माझ्या वर्गात होतास.”

“दोनदा होतो, सर.”

“किलोचे पौंड किती?”

“दोन पूर्णांक दोन, सर.” डार्सीनं क्षणाचाही विलंब लावला नाही.

“मग ज्याला हे येतं त्यानं किलोला मुंगीएवढं का करावं?”

डार्सीनं खाली बघितलं. “सर, गिऱ्हाइकाचं मन फार हळवं असतं हो. पौंडाचा आकडा लहान दिसतो, तो बघून बरं वाटतं त्याला. किलोचा बघितला की घशाशी येतं. भाव तोच असतो, पण बरं वाटण्याचं काय करायचं?”

“बरं वाटायला लोक चर्चमध्ये जातात. दुकानात भाव बघायला येतात.”

असं तासभर चाललं. डार्सीला मालाच्या गाड्या बघायच्या होत्या, पण मास्तरांना ‘आता उठा’ म्हणण्याची त्याची छाती नव्हती. शेवटी त्यानं तोड काढली. एकाच मालावर किलोचा भाव मोठा आणि पौंडाचा लहान लावायचा. मुदत एक आठवडा, गुरुवार ते बुधवार. खप टिकला तर सगळ्या भाज्या-फळांच्या पाट्या तशा करायच्या.

“आणि पडला तर?” मास्तरांनी विचारलं.

“तर सर, तुम्ही पुन्हा पाटीवर बोलायचं नाही. मला नाही, कॅशिअरला नाही आणि रांगेतल्या बायकांना तर नाहीच.”

मास्तरांनी हात पुढं केला. “माल कुठला?”

“सलगम,” डार्सी म्हणाला.

सलगम हे आमच्याकडचं कर्तव्य आहे. ते कोणाला आवडत नाही, पण सणाला पानात चमचाभर हवं. आदल्या आठवड्यात सगळ्या ब्रॅंडननं मिळून अडतीस किलो सलगम नेलं होतं. डार्सीनं मुद्दाम तेच निवडलं होतं, म्हणजे पडलं तरी फार लागणार नाही. मास्तरांना ते कळलं, आणि जरा लागलंही, पण त्यांनी दाखवलं नाही.

गुरुवारी सकाळी पाटी लागली. तळहाताएवढ्या आकड्यांत एक डॉलर तीस सेंट, किलोला. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एकोणसाठ सेंट, पौंडाला. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून सलगमापाशी उभे राहिले. पहिल्या आजीबाई आल्या, त्यांनी पाटी वाचली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “एका रात्रीत दुपटीच्या वर!”

“बाई, भाव तोच आहे. आधी पौंडाचा होता, हा किलोचा. एका किलोत दोन पूर्णांक दोन पौंड...”

“तुम्ही दुकानातले का?”

“नाही.”

“मग सरका बघू.” आजीबाई गाजरांकडं गेल्या.

दुपारपर्यंत गावभर झालं की पाऊस कमी पडल्यामुळं सलगम कडाडलंय. संध्याकाळी ऑर्व्हिलच्या बायकोनं मर्नाबाईंना सांगितलं, की पाऊस जास्त झाल्यामुळं कडाडलंय. शुक्रवारी मास्तरांनी घरून पितळी वजन आणून पाटीखाली ठेवलं आणि ज्याला वेळ असेल त्याला हातात घेऊन बघायला सांगू लागले. लोक हातात घेत, ‘जड आहे’ म्हणत, परत देत आणि गाजरांकडं जात. शनिवारी संध्याकाळपर्यंत सहा किलो सलगम खपलं होतं. त्यातलं चार किलो मास्तरांनी स्वतः नेलं होतं. मर्नाबाईंनी ते उकडलं, भाजलं, कुस्करलं, आणि रविवारी ताट समोर सारून म्हणाल्या, “लॉर्न, हा तुझा लढा आहे ना? मग तूच खा.”

रविवारी मास्तरांना चर्चमध्ये बेव्हबाई दिसल्या आणि विचार सुचला. पुढच्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये फॉल सपर हे पानगळीच्या दिवसांतलं गावजेवण होतं. म्हणजे तीनशे पानं, टर्की, ग्रेव्ही, कोबीचे रोल, बटाटा भरलेल्या करंज्यांसारख्या युक्रेनी पेरोगी आणि अर्थात कुस्करलेलं सलगम. दर वर्षी बेव्हबाई सलगम गावाबाहेरच्या हटराइट पंथाच्या शेतकऱ्यांच्या वस्तीवरून आणत. यंदा ते ‘प्रेअरी पॅन्ट्री’तून घेतलं तर? खप तो खप. डार्सीनं ‘कोणी नेलं’ हे काही करारात घातलं नव्हतं. असं मास्तरांनी स्वतःला तीन वेळा समजावलं. एकदा समजावून भागलं असतं तर तीन वेळा लागलं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

बेव्हबाई विचारात पडल्या. वस्तीवरचं सलगम ताजं असे आणि तिथले लोक त्यासोबत मध पण देत. पण मास्तरांचा चेहरा बघून त्यांना दया आली. “घेऊ की,” त्या म्हणाल्या. “मर्नाकडं चिठ्ठी देते.”

इथून पुढं जे झालं त्यात दोष कोणाचा, यावर आमच्या गावात अजून दोन मतं नाहीत. दोष कोणाचाच नाही. सगळे अतिशय सभ्यपणे वागले.

बेव्हबाईंना दर वर्षीप्रमाणे शंभर पौंड सलगम हवं होतं. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘सलगम १००’, आणि ती सोमवारी गाण्याच्या तालमीत मर्नाबाईंना दिली. मर्नाबाईंनी विचार केला: बेव्ह मोठी समजूतदार बाई, ही चिठ्ठी लॉर्नकडं जाणार हे तिला ठाऊक आहे, तेव्हा तिनं त्याचं मन राखायला किलोतच लिहिलं असणार. म्हणजे शंभर किलो. पण दुकानातली ऑर्डर तर पौंडांत घेतात. बिचाऱ्या डार्सीला कशाला त्रास? म्हणून त्यांनी गुणाकार केला आणि फ्रिजवर कागद लावला: ‘सलगम २२०. डार्सीला सांग.’

मास्तर स्वयंपाकघरात आले, कागद वाचला. त्या घरात एक्केचाळीस वर्षं किलोशिवाय दुसऱ्या मापाला थारा नव्हता. नव्या ओव्हनच्या बटणाभोवतीसुद्धा मास्तरांनी सेल्सियसची पट्टी चिकटवली होती, आणि त्या पट्टीपायी दोन केक जळले होते. तेव्हा दोनशे वीस म्हणजे दोनशे वीस किलो. आता तीनशे पानांना दोनशे वीस किलो म्हणजे दर पानाला सातशे तीस ग्रॅम सलगम पडतं, हे गणिताच्या मास्तरांना दिसलं नाही असं म्हणणं खोटं होईल. दिसलं. चांगलं दिसलं. पण अडतीस किलोच्या पुढं दोनशे वीसचा आकडा इतका देखणा होता की त्याच्याशी भांडायला मास्तरांचं मन होईना. ‘स्वयंपाकातलं बेव्हला जास्त कळतं,’ असं म्हणून त्यांनी फोन उचलला.

“दोनशे वीस, डार्सी.”

“किलो का, सर?” डार्सीनं नम्रपणे विचारलं.

“दुसरं काय असणार!”

डार्सीच्या हिशेबी त्याच्या विनिपेगच्या गोदामात पोती पौंडांची असत. त्यानं कॅल्क्युलेटरकडं हातसुद्धा न नेता मनातल्या मनात गुणाकार केला आणि गोदामात निरोप ठेवला: “ब्रॅंडन, सलगम, चारशे पंच्याऐंशी.” गोदामात वसंतात नवं मशीन आलं होतं, आणि त्या मशीनला फक्त किलो कळत.

बुधवारी सकाळी चर्चच्या मागच्या दाराशी ट्रक लागला तेव्हा मास्तर, मर्नाबाई आणि बेव्हबाई तिघंही हजर होती. पहिली पाच पोती उतरली तेव्हा बेव्हबाई ‘पुरे’ म्हणाल्या. दहा उतरली तेव्हा त्या खाली बसल्या. एकूण एकवीस पोती आणि वर एक अर्धं. हॉलचं कोठार भरलं, कोट टांगायची खोली भरली, आणि एक पोतं पाद्रीबुवांच्या खुर्चीत बसवावं लागलं. हजार पौंडांच्या वर सलगम आमच्या गावात एका जागी कोणी कधी पाहिलं नव्हतं.

डार्सी धावत आला. मग चौघांनी टेबलावर चिठ्ठी, फ्रिजवरचा कागद आणि पावती अशी मांडली, आणि हळूहळू सगळा प्रकार उलगडला. बेव्हबाई म्हणाल्या, “सॉरी हं, मी पौंड लिहायला हवं होतं.” मर्नाबाई म्हणाल्या, “छे गं, सॉरी माझं, मी विचारायला हवं होतं.” डार्सी म्हणाला, “सॉरी, मीच निरोपात नीट सांगायला हवं होतं.” ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा जाता जाता सॉरी म्हणून गेला, त्याचा तर काही संबंधही नव्हता. मास्तर तेवढे हिशेबाला बसले. त्यांनी खिशातून पेन काढून कागदावर पडताळा केला. शंभराचे दोनशे वीस, बरोबर. दोनशे विसाचे चारशे पंच्याऐंशी, बरोबर. एकही चूक नव्हती. त्यांनी आयुष्यभर जे शिकवलं ते गावानं अचूक पाठ केलं होतं.

“डार्सी, तू हे तोंडी केलंस?”

“हो, सर.” डार्सीच्या चेहऱ्यावर लाज आणि अभिमान एकाच वेळी आले. “तुम्ही उभं करून विचारायचा ना. दुसऱ्या वर्षी पक्कं झालं.”

पैसे मास्तरांनी आपल्या कार्डावर भरले. मर्नाबाई त्या वेळी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या.

त्या रात्री आठवड्याचा आकडा कंपनीच्या मुख्य कचेरीत पोचला. ब्रॅंडन शाखेत सलगमाचा खप एका आठवड्यात तेरा पट झाला होता. शुक्रवारी डार्सीला अभिनंदनाचं पत्र आलं, आणि त्यात कळवलं होतं की ब्रॅंडनकरांना सलगम इतकं प्रिय आहे हे ध्यानात घेऊन पुढच्या आठवड्यापासून शाखेला दुप्पट सलगम पाठवण्यात येईल. पाटीचा त्यात उल्लेख नव्हता. सोबत दाराशी लावायला एक भलंमोठं चित्र होतं: हसरं सलगम, आणि खाली भाव. पौंडाचा.

रविवारी फॉल सपर झालं. बेव्हबाईंनी पदर खोचल्यासारखा एप्रन आवळला आणि सलगमाचं जे जे होऊ शकतं ते ते केलं. कुस्करलेलं, भाजलेलं, सुपातलं, केकमधलं. पेरोगीच्या पोटात बटाट्याऐवजी सलगम भरलेलं बघून कोवालचुकांच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या उठून गेल्या. तिकिटामागं एक सलगम घरी न्यायला मोफत होतं. लोक तिकीट घेत आणि सलगम विसरत. ऑर्व्हिलनं कोट टांगायच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये खडूनं वर्तुळं काढून पोरांना बर्फावर दगड घसरवून वर्तुळात थांबवतात तसं सलगमाचं कर्लिंग शिकवायला घेतलं, आणि त्याला जेवणापेक्षा जास्त गर्दी जमली. मास्तर जिथं जातील तिथं कोणीतरी पाठीवर थाप मारून विचारी, “काय मास्तर, किलोनं की पौंडानं?” मास्तर हसत, पण कान लाल होत. शेवटी ते कोठारात जाऊन पोत्यांच्या आडोशाला एका उलट्या बादलीवर बसले.

डार्सी त्यांना शोधत तिथं आला. दारातच उभं राहून त्यानं घसा साफ केला.

“सर, करार तो करार. खप टिकला. नुसता टिकला नाही. सोमवारपासून सगळ्या पाट्या बदलतो.”

“तो खप खरा होता असं वाटतं तुला?”

“मला काय वाटतं ते करारात नव्हतं, सर. तुम्ही हो म्हणा, मी बदलतो. मुख्य कचेरीचं मी बघून घेईन.” भिडस्त माणूस, पण बोलताना त्याचा आवाज कापला नाही. आपल्या मास्तरांना तो हरू द्यायला तयार नव्हता.

मास्तर उभे राहिले. पंचविशीपासून ज्या शब्दाची वाट बघितली तो त्यांच्या ओठांवर होता, आणि खिशातला फोन वाजला.

“बाबा?” आवाज दमलेला, हॅलिफॅक्सचा. “आई फोन उचलत नाहीये रे. मुलगी झाली. दोघी छान आहोत.”

 त्यांनी सलगमाच्या पोत्यावर हात टेकला.

“आणि ऐक ना,” कर्स्टन म्हणाली, “नर्स वजन सांगायला लागली ना, तर मी तिला म्हटलं, थांबा, मला ग्रॅममध्येच सांगा. माझ्या बाबांना पहिल्यांदा सांगायचंय. तीन हजार चारशे दोन ग्रॅम! ऐकलंस ना बाबा? तीन हजार चारशे दोन!”

“तीन हजार चारशे दोन,” मास्तर पुटपुटले. आकडा त्यांना नीट ऐकू आला. तीन किलो आणि चारशे दोन ग्रॅम, यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पण डोळे मिटून ते त्या आकड्यात बाळ शोधू लागले, आणि त्यांना बाळ दिसेना. किती मोठी? हातात घेतली तर कशी लागेल? कर्स्टन झाली तेव्हा सात पौंड दोन औंस होती, ते अजून त्यांच्या दोन्ही कोपरांत होतं. मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी थांबवायच्या आधीच निघून गेलं.

“छान, छान. आणि खरं वजन किती?”

 पलीकडं कर्स्टन हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. “साडेसात पौंड, बाबा. बरोबर साडेसात.”

“साडेसात!” मास्तर म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “म्हणजे चांगली मोठी आहे की गं!”

फोन बंद झाल्यावर त्यांनी वर बघितलं. डार्सी दारातच होता. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि आता तो छताकडं बघत होता.

“डार्सी.”

“सर.”

“पाट्या राहू देत.”

“नक्की, सर?”

“नक्की. फक्त ते किलोचं अक्षर जरा मोठं कर. चष्मा लावून वाचता येईल एवढं.”

“करतो, सर. अभिनंदन, सर.” डार्सी निघाला आणि दोन पावलांवर थांबला. “बाहेर काय सांगू, सर? कशात?”

मास्तरांनी नाक पुसलं. “साडेसात पौंड सांग,” ते म्हणाले. “नाहीतर त्यांना कळायचं नाही.”

थोड्याच वेळात हॉलमधून टाळ्यांचा गजर आला, कोणीतरी टेबलावर चमचे वाजवले. मास्तर कोठारात एकटेच होते. कोपऱ्यात हॉलचा जुना तराजू होता, तबकडीचा, फक्त पौंडांचा. तो भंगारात काढावा म्हणून मास्तरांनी कमिटीला आजवर नऊ अर्ज केले होते. त्यांनी फुंकर मारून तबकडीवरची धूळ उडवली. पोत्यातून एक चांगलं थोराड सलगम काढून ठेवलं, मग दुसरं, मग तिसरं चाचपून निवडलं, ठेवलं, काढलं, दुसरं ठेवलं. काटा साडेसातावर येऊन थांबला. मास्तरांनी खुंटीवरचा एक एप्रन घेतला, तिन्ही सलगमं त्यात गुंडाळली, दोन्ही हातांत उचलली आणि छातीशी धरली. मग त्यांना समजलं. ते तिथंच डावीकडून उजवीकडं हळूहळू डुलू लागले.

दारात मर्नाबाई आल्या. हातात ग्रेव्हीचा डाव तसाच, गाल ओले. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, तराजूकडं बघितलं, आणि एप्रनच्या गुंडाळीकडं बघितलं. डाव पोत्यावर ठेवून त्या जवळ आल्या.

“डोक्याखाली हात धर, लॉर्न,” त्या म्हणाल्या. “विसरलास का सगळं? आणि आता दे इकडं, माझी पाळी.”